गोलातल्या सात गाई

काका, येत्या गुरुवारी मीटिंग आहे. तुम्ही असतात तर आज सकाळी साडेसातला फोन वाजला असता आणि ‘हॅलो’सुद्धा न म्हणता तुम्ही विचारलं असतं, कागद तयार आहेत ना. मी म्हटलं असतं, काका, मी अजून दात घासतेय. तुम्ही जाऊन एकोणीस दिवस झाले, तरी साडेसात वाजले की मी हात पुसून फोनजवळ उभी असते. सवय मेली जात नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर लिहायला मला सांगितलं होतं. जन्म कुठला, शिकलात कुठे, अमेरिकेत कधी आलात, किती पिढ्यांना जेवायला घातलंत. मी सांगितलं की ते कुणीही लिहील, मला काकांशी भांडायचंय. आपलं भांडण अर्धवट टाकून तुम्ही निघून गेलात. ही तुमची जुनीच खोड. हरायची वेळ आली की नेमकं काकूंनी तुम्हाला चहाला बोलावलेलं असायचं.

आपलं पहिलं बोलणं आठवतंय? फीनिक्सजवळच्या चँडलरमधल्या एका शाळेच्या कॅफेटेरियात गणपती बसवला होता. आरती झाली होती, हातात पेपर प्लेट, प्लेटीत मसालेभात. तुम्ही समोर येऊन उभे राहिलात आणि विचारलंत, “तू त्या कॉम्प्युटर-चिप्सच्या फॅक्टरीत आहेस ना? कॉम्प्युटरवर गणित येतं?” मी हो म्हटलं. “मग गाईंचं गणित कर.” मला वाटलं गोरक्षणाची वर्गणी असणार. मी पर्स शोधायला लागले. तेव्हा तुम्ही शांतपणे, भात खाता खाता सांगितलंत की मोठी लढाई झालीच तर या राज्यातली कोणती जनावरं कधी कापायची आणि कोणती राखायची, ते ठरवायचंय. माझ्या शेजारच्या बाईंनी खुर्ची सहा इंच सरकवून घेतली.

त्या दिवसांत लढाईची भाषा रोजचीच झाली होती. संध्याकाळच्या बातम्यांत क्षेपणास्त्रांचे नकाशे दाखवायचे आणि मग लगेच साबणाची जाहिरात. राज्यात एक समिती नेमली होती: माळावर गाई पाळणारे रँचवाले, फीडलॉटवाले, कत्तलखान्याचा एक माणूस, कोल्ड स्टोरेजचा एक, आणि जनावरांचे डॉक्टर म्हणून तुम्ही. वीस-बावीस वर्षं तुम्ही इथल्या गाईंच्या प्रसूती केल्या होत्या. आयुष्यात कधी अंडंसुद्धा न खाल्लेला माणूस मांसाच्या पुरवठ्याच्या समितीवर, याचं त्या लोकांना काही वाटलं नाही. आपल्या लोकांना फार वाटलं. मंडळात कुणीतरी तुमच्या तोंडावर ‘कसाई कमिटी’ म्हणालं, तेव्हा तुम्ही हसून म्हणालात की कोण काय खातं ते मी विचारत नाही, कुणी उपाशी राहू नये एवढंच बघतो. माझ्या लेकीने तर घरी सरळ विचारलं, “आई, सो यू आर काउंटिंग काऊज टु किल देम?” मी तिला म्हटलं, डॉक्टरकाकांना विचार. तिने विचारलंही, आणि तुम्ही तिला तासभर समजावून सांगितलंत. त्यानंतर तिने मला पुन्हा तो प्रश्न विचारला नाही.

मला मात्र तुम्ही तासाभरात समजावू शकला नाहीत. वर्षभर लागलं. आमच्या फॅक्टरीच्या समोरच, रस्ता ओलांडला की फीडलॉट. गोऱ्ह्यांना कापण्याआधी धान्य घालून पोसायचे ते गोठे. वारा फिरला की आमच्या पार्किंग लॉटमध्ये शेणाचा वास यायचा. आम्ही नाकं मुठीत धरून आत पळायचो, पांढरे सूट चढवायचो आणि धुळीचा एक कणही चालत नाही अशा खोलीत दिवसभर काम करायचो. पाच वर्षं मी त्या गोठ्यांसमोर गाडी लावली, पण आत काय चालतं ते कधी विचारलं नाही. ते तुम्ही माझ्या किचन टेबलापाशी बसून शिकवलंत. वासरू पोटात नऊ महिने, मग सहा-सात महिने आईच्या दुधावर, मग माळावर चराई, मग फीडलॉट. “आज गाय लागली, गाभण राहिली, की तिचं वासरू ताटात यायला अडीच-तीन वर्षं,” तुम्ही म्हणायचात. “लढाईला एवढा धीर नसतो.”

अडचण सगळी तिथेच होती. लढाई आली की धान्य आधी माणसांना आणि सैन्याला. मग जनावरांना काय घालणार? रँचवाला म्हणणार, भाव चढतोय, थांबतो. आणि थांबता थांबता हिवाळ्यात त्याची जनावरं हाडांवर येणार. किंवा सगळेच घाबरून एकदम विकणार, म्हणजे कत्तलखान्याबाहेर ट्रकच्या रांगा, कोल्ड स्टोरेज भरलेलं, महिनाभर मांसच मांस आणि पुढची दोन वर्षं ठणठणाट. म्हणून दर महिन्याला किती आणि कोणती, हे आधी ठरलेलं हवं. मी ते सगळं स्प्रेडशीटमध्ये बसवलं. प्रिंटर रात्रंदिवस करकरायचा आणि कागदाच्या कडेच्या भोकांच्या पट्ट्यांचा ढीग लागायचा. आणि दर शनिवारी आपलं ठरलेलं भांडण. मी म्हणायचे, माणसं आज उपाशी असतील. तुम्ही म्हणायचात, आणि परवा? मी म्हणायचे, परवाचं परवा बघू. तुम्ही म्हणायचात, पुण्याची माणसं परवाचं बघत नाहीत हे ऐकून होतो. मी तुमच्या नागपूरबद्दल काहीतरी बोलायचे आणि काकू दोघांना पोहे द्यायच्या.

गाभण गाईला हात लावायचा नाही, हा तुमचा एकच हट्ट. बाकी सगळं बदला म्हणायचात. मला तो हट्ट भावनेचा वाटायचा. आपल्याकडे गाय म्हणजे गाय, असं काहीतरी. मी एकदा तसं बोलूनही दाखवलं. त्या शनिवारी तुम्ही मला तुमच्या वडिलांची गोष्ट सांगितलीत.

कामठीजवळच्या खेड्यात तुमचे वडील ढोरांच्या दवाखान्यात होते. मागच्या महायुद्धात छावणीला मांस लागायचं. नियम असा की शेतीच्या किंवा दुधाच्या कामाचं जनावर द्यायचं नाही, निरुपयोगी असल्याचा दाखला पाहिजे. मागणी वाढत गेली, वरून तगादा येत गेला, आणि वडील दाखले लिहीत गेले. सकाळी टेबलावर गठ्ठा यायचा, दुपारपर्यंत सह्या व्हायच्या. बाहेर लिंबाखाली जनावरं बांधलेली असायची, त्यांच्याकडे जायला वेळ नसायचा. काही खरंच म्हातारी होती. बरीच नव्हती. दोन वर्षांनी पेरणीला गावात बैलच उरले नाहीत. तुम्ही कॉलेजातून सुट्टीला आला होतात. तुम्ही आणि गावातल्या चार पोरांनी स्वतःला तिफणीला जुंपून घेतलंत आणि वडील त्या दिवशी घराबाहेर आले नाहीत. “बाबा वाईट नव्हते,” तुम्ही म्हणालात. “त्यांनी हात लावून पाहिलं नाही, एवढंच.”

मग तुम्ही हसलात आणि म्हणालात, “तू तरी काय करून राहिली? तुलाही गाय कागदावरच माहीत. एकदा गाईत हात घाल, मग गणित कर.” मी म्हटलं, ईऽऽ काका, चहा घ्या.

आता तो दुधाचा घोळ. लिहायला लाज वाटते, पण लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

पहिला आराखडा आपण समितीपुढे मांडला तेव्हा माझं उत्तर सुंदर आलं होतं. गाई फारशा कमी करायच्याच नाहीत! तुमच्या मनासारखं. गोऱ्हे लवकर पाठवा, गाई राखा, लोकांना पोटभर मिळतं. सगळे माना डोलवत होते. तेवढ्यात हँक उभा राहिला. हँक म्हणजे आपला नेहमीचा रँचवाला. दर दिवाळीत वसुबारसेला काकू ज्याच्याकडे गाय-वासराची पूजा करायला आपल्या सगळ्यांना घेऊन जातात, आणि जो टोपी छातीशी धरून बाजूला उभा राहतो, तोच. तो चष्मा लावून कागदावर बोट ठेवून म्हणाला, मॅडम, ही अकरावी ओळ काय आहे? मी म्हटलं, दूध. तो म्हणाला, कुणाचं? मी म्हटलं, गाईंचं.

खोलीत जो हशा पिकला! मांसाच्या गाईचं दूध कुणी काढत नाही, काका. माळावर मैलोन्‌मैल हिंडणाऱ्या, माणूस दिसला की शिंगं रोखणाऱ्या त्या तांबड्या गाई. त्यांच्या प्रत्येकीमागे मी दिवसाचं तीन-चार लिटर दूध लोकांच्या पोटात घातलं होतं. माझ्या डोक्यात गाय म्हणजे दूध, त्यात विचार करायचा प्रश्नच आला नव्हता. त्या दुधामुळेच माझ्या कागदावर गाई वाचत होत्या. हँक हसला नाही. तो हळूच म्हणाला, “मॅडम, ते दूध वासराचं असतं.” आणि मी, जी काकूंबरोबर दर वसुबारसेला दूध-तुपाला शिवत नाही, कारण त्या दिवशीचं दूध वासराचं, ती मी तिथे तोंड लाल करून उभी होते.

तुम्ही उठलात आणि इंग्रजीत सांगितलंत की चूक माझी आहे, आकडे मीच तपासले होते, हिचा यात दोष नाही. खाली बसताना तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत.

परतीच्या वाटेवर गाडी मी चालवत होते. फीनिक्स मागे पडलं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. माझं सोडा, मी इंजिनिअर. पण वीस वर्षं याच गाईंमध्ये काढलेल्या डॉक्टरला ती ओळ खुपली नाही? मी तुम्हाला विचारलं, ती ओळ तुम्ही पाहिली होती ना. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. मी पुन्हा विचारलं. तुम्ही म्हणालात की आता बिनदुधाचा हिशेब कर आणि काय येतं ते सांग. काय येणार, मी म्हटलं, आधी भाकड गाई जाणार, पहिल्या हिवाळ्याच्या आत. तुम्ही म्हणालात, भाकड कोण ठरवणार? घाईत कागदावर भाकड लिहायला काय लागतं?

आणि मग मी बोलले. कापसाच्या शेतांमधून गाडी चालली होती, ऊन डोळ्यांवर येत होतं आणि मी रस्त्यावरची नजर न हलवता म्हटलं, “तुमच्या वडिलांनी खोटं लिहून गाई दिल्या. तुम्ही खोटं लिहून गाई राखल्या. फरक काय?”

तुम्ही म्हणालात, “उजवीकडे घे, एक्झिट येतंय.”

काका, त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत असं नाही. उतरताना ‘गाडी हळू ने’ म्हणालात. दोन दिवसांनी काकूंनी लाडू पाठवले तेव्हा मागून तुमचा आवाज आला की डबा परत द्यायला सांग. पण साडेसातचा फोन बंद झाला. मी रोज ठरवायचे की आज आपणच करू. रोज ठरवायचे की शनिवारी समोरच बोलू. मला वाटत होतं बिनदुधाचं गणित चोख करून तुमच्यासमोर ठेवीन, मग माफी मागीन, म्हणजे माफीबरोबर मुद्दाही पदरात पडेल. पुणेरी हिशेब तुमच्या भाषेत. अकराव्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात घेऊन तुम्ही खुर्चीत बसलात आणि उठला नाहीत. काकूंचा फोन आला तेव्हा साडेसातच वाजले होते, आणि मी फोन उचलून हसत म्हटलं, बोला काका.

मला किती दिवस वाटत राहिलं की मीच तुम्हाला घालवलं. आता सांगते, कारण आता तसं वाटत नाही. का वाटत नाही तेही तुम्हाला कळायला हवं.

तेराव्याला काकू म्हणाल्या की गोग्रास द्यायचाय, आणि फोटोतल्या गाईला द्यायचा नाही. मग त्यांना घेऊन मी हँककडे गेले. काकूंनी केळीच्या पानाऐवजी फॉइलवर वरण-भात, खीर, वडे वाढून घेतले होते. हँकने त्याची ती वसुबारसेची म्हातारी गरीब गाय आणून उभी केली. गाईने वडा आधी खाल्ला. काकू एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या आणि म्हणाल्या, अगदी यांच्यासारखंच.

मग हँक गाडीच्या सीटखालून एक क्लिपबोर्ड घेऊन आला. म्हणाला, हे डॉकचं आहे, मला यातलं वाचता येत नाही, तुम्हीच बघा. शेणाने माखलेले कागद होते. डावीकडे गाईंच्या कानातल्या बिल्ल्यांचे नंबर, आणि प्रत्येकापुढे तुमच्या अक्षरात मराठीत एक अक्षर. ‘ग’ किंवा ‘भ’, गाभण किंवा भाकड. दोनशेच्या आसपास गाई. मी विचारलं, हे कधी? हँक म्हणाला, त्या मीटिंगनंतर चार-पाच दिवसांनी. तुम्ही त्याला फोन करून म्हणालात की तुझ्या सगळ्या गाई मला तपासू दे. एकेक गाय, हलू नये म्हणून असतो त्या लोखंडी पिंजऱ्यात उभी केली, खांद्यापर्यंत प्लास्टिकचा लांब हातमोजा चढवून तुम्ही मागून हात घातलात, गाभण आहे की नाही ते पाहिलंत आणि लिहिलंत. दोन दिवस. हँकने म्हटलं, डॉक, अर्ध्या मला करू दे. तुम्ही म्हणालात, नाही, खाली सही माझी असणार आहे. शेवटच्या पानावर ती होतीही.

त्या वयात, त्या दुखऱ्या खांद्याने, काका. मी काकूंकडे वळले आणि म्हटलं, काकू, हे मी बोलले म्हणून झालं. मी त्यांना गाडीत काय बोलले ते तुम्हाला माहीत नाही.

काकू म्हणाल्या, “माहीत आहे. त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. म्हणाले, पोरगी खरं बोलली, पण गाडी फार जोरात चालवते.”

त्यांनी क्लिपबोर्ड माझ्या हातातून घेतला, पदराने एक कोपरा पुसला. “मला सांगून गेले की लिंबाचं झाड छाटायला मित्राकडे जातो. घरी आले, दोनदा आंघोळ केली, तरी हाताला वास होताच. चाळीस वर्षं ओळखते मी तो वास. खांद्याला बाम लावून दिला. गात होते, बाप्पा, कितीतरी दिवसांनी.”

म्हणजे तुम्ही माझ्या बाजूने आला होतात. निदान अर्धे. भाकड गाई पाठवायला तुमची हरकत नव्हती. हात न लावता पाठवायला होती. तेवढी गोष्ट तुम्ही तोंडाने सांगितली असतीत तर आपली कितीतरी शनिवारची भांडणं वाचली असती. पण तुमचं तेच. तोंडाने हरायचं नाही, हाताने कबूल करायचं.

ती अकरावी ओळ तुम्ही पाहिली होती की नव्हती, ते मात्र मला कळलं नाही आणि आता कळणार नाही. सुरुवातीला मी रोज उलटसुलट विचार करायचे. पाहिली असेल तर तुम्ही मला फसवलंत. पाहिली नसेल तर तुम्ही माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवलात, आणि ते मला जास्त लागतं. हल्ली विचारणं सोडून दिलंय. दोन्हीपैकी काहीही असलं तरी त्यानंतर तुम्ही उठून गाई तपासायला गेलात, एवढं मला पुरतं.

त्या कागदांवर आणखी एक खूण होती. सात नंबरांपुढे ‘ग’ नाही, ‘भ’ नाही, नुसता गोल. मी हँकला विचारलं. तो म्हणाला, या उशिरा लागलेल्या असतील तर पोटातलं इतक्या लवकर हाताला कळत नाही. कुणीही त्यांना रिकाम्या म्हणून ट्रकवर चढवलं असतं, मीही चढवलं असतं. डॉक म्हणाले, तीन आठवडे थांब, मी परत येतो.

मी त्याच संध्याकाळी कॉम्प्युटरपुढे बसले. तुमचे आकडे घातले. आपल्या आराखड्यात आजवर दोनच रकाने होते, राखायच्या आणि पाठवायच्या. मी तिसरा घातला. त्याने माझं सगळं सुबक उत्तर बिघडलं. पहिल्या महिन्यातलं मांस थोडं कमी पडतं, चारा थोडा जास्त लागतो. पण पुढच्या वर्षीची वासरं वाढतात आणि तिसऱ्या वर्षी ताटं रिकामी राहत नाहीत. तुमच्या ‘परवा’ला पहिल्यांदाच माझ्या कागदावर जागा मिळाली. तीनदा तपासलं. दुधाची ओळ नाही हेही तीनदा तपासलं.

रविवारी हँककडे परत गेले. तीन आठवडे झाले होते आणि तुम्ही काही येणार नव्हतात. त्याला म्हटलं, मला त्या सात गाई बघायच्यात. बघायच्या म्हणजे, त्याने विचारलं. मी हात पुढे केला.

क्लीन रूमचा सूट चढवायची सवय असल्यामुळे तो लांब हातमोजा मला झटकन चढवता आला, तेवढ्यापुरतं हँकने कौतुक केलं. बाकी काही कौतुकासारखं नव्हतं. सहा गाई त्यानेच तपासल्या. चार गाभण, दोन रिकाम्या. दोन्ही वेळा मी माझ्या हाताने ‘भ’ लिहिलं आणि हँकने पुढे सही केली, कारण त्या गाई खरंच रिकाम्या होत्या. सातवीच्या वेळी तो बाजूला झाला. आत ऊब होती, इतकी की मला अपेक्षाच नव्हती. आधी नुसता गोंधळ, काही कळेना. गाय पाय आपटत होती. हँक मागून सांगत होता, खाली, अजून खाली, दाबू नका, नुसतं टेकवा, आता डावीकडे. आणि मग बोटांना लागलं. पाण्याने भरलेलं, गोल, संत्र्याएवढं. मी बोट टेकवलं की आतलं हलायचं आणि परत जागेवर यायचं.

हँकने विचारलं, काय आहे? मी मोठ्याने मराठीत म्हणाले, “काका, गाभण आहे.”

तर आता गुरुवार. मला ठाऊक आहे काय होणार. कत्तलखान्याचा माणूस म्हणणार की लढाईत एवढा वेळ कुणाला आहे. फीडलॉटवाला म्हणणार की प्रत्येक गाईमागे डॉक्टर कुठून आणायचा. कुणीतरी दुधाचा विनोद करणारच, तो आधी मीच करून टाकणार आहे. मग सांगणार आहे की शांततेतच माणसं शिकवून तयार करा, गावोगावच्या रँचवाल्यांना शिकवा, एक बाई एका रविवारात थोडंफार शिकली, तुम्हीही शिकाल. पटलं नाही तर पुढच्या मीटिंगला परत जाईन, आणि त्याच्या पुढच्या. हँक माझ्या शेजारी उभा राहणार आहे. काकूही येणार म्हणतात, समितीत नाहीत तरी. मी म्हटलं कशाला, तर म्हणाल्या, हे जाताना कागद विसरायचे, तुझंही काही सांगता येत नाही.

आराखड्यात मी एक अट घातली आहे, ती कुणालाही काढू देणार नाही. रिकामी म्हणून पाठवलेल्या प्रत्येक गाईच्या नंबरापुढे, तिच्यात हात घालून पाहिलेल्या माणसाची सही हवी. ज्याला कळलं नाही त्याने गोल काढायचा आणि थांबायचं. नमुना म्हणून तुमचीच पानं मागे जोडली आहेत, शेणाच्या डागांसकट. शेवटच्या पानावर तुमच्या सहीखाली जागा होती. सातव्या गोलापुढे मी ‘ग’ लिहिलंय, काका, आणि त्या जागेत माझी सही केली आहे.